रेषेवरचं ते आतलं

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली. रावेरला केळीच्या ट्रकांवर घड चढवणारे हमाल पाहिले, एका बांधासाठी सख्ख्या भावाशी वीस वर्षं न बोललेले म्हातारे पाहिले, माझा स्वतःचा नवरा तर शेवटपर्यंत पाहिला. पण आमच्या गल्लीत राहायला आलेल्या मोजणीवाल्या भाऊइतका हट्टी माणूस तापीच्या अलीकडे नाही अन् पलीकडेही नाही, हे मी तळहातावर निखारा ठेवून सांगीन. निखारा हातावर घ्यायची मला सवय आहे. जन्मभर भरताची वांगी भाजली. लग्नाकार्यात, मळ्यातल्या पार्ट्यांना, जिथं बोलावतील तिथं जायचं, कपाशीच्या वाळल्या काड्यांची आग करायची अन् दोन-दोन मण वांगी भाजून द्यायची. बोटांना आता गरम कळत नाही. पण या माणसानं मला पाच वर्षं जो ताप दिला, तो मला अजून कळतो.

भाऊ जमीनमोजणीच्या हपिसात होता. जळगावला बदली होऊन आला अन् आमच्या गल्लीच्या टोकाला एक खोली घेऊन राहिला. एकटा. बायको नाही, पोर नाही, एक सायकल अन् लोखंडी पेटी. आल्या आल्या त्यानं गल्ली पावलांनी मोजली. मग नळापासून प्रत्येकाचं दार किती, ते मोजलं अन् ज्याला-त्याला सांगत सुटला, कोणी विचारलं नसताना. मला म्हणे, अक्का, तुम्ही हंडा घेऊन रोज नऊ पावलं जास्त चालता, लिंबाच्या उजवीकडून या. आता लिंबाच्या उजवीकडे गटार आहे, ते याच्या मोजणीत नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याला नेलं त्या दिवशी तर त्यानं कहर केला. पोरं तिरडी बांधत होती, बाया रडत होत्या, अन् हा वाकून बघतो अन् हळूच म्हणतो, डावा बांबू चार बोटं जास्त आहे. म्हाताऱ्याच्या थोरल्यानं नुसतं वर पाहिलं. पण मग बांबू कापलाच त्यानं. म्हणजे बोलणं खरं होतं. या माणसाचं असंच होतं. तो चुकला असता तर एवढा राग आला नसता.

अन् एवढं बठ्ठं, सगळं जग मोजणाऱ्या या माणसाचं डोकं माझ्या दाराच्या चौकटीला दर रविवारी आपटायचं. माझं घर ठेंगणं. पहिल्या दिवशी आपटलं, समजू शकते. पण पाच वर्षं? मी आतून ओरडायची, भाऊ, वाका. तोवर खाडकन आवाज आलेला असायचा. मग कपाळ चोळत आत यायचा अन् म्हणायचा, दार अडीच फूट रुंद आहे अक्का, अडचण यायला नको होती. त्याच्या हपिसात जमिनीला लांबी असते, रुंदी असते. उंची कोणी विचारत नाही.

ओळख झाली ती भरतावरूनच. त्याच्या हपिसाची हिवाळ्यात मळ्यात पार्टी होती. मी काड्या पेटवल्या, वांगी लावत होते, तर हा साहेबांना सोडून माझ्याशेजारी उकिडवा बसला. कोणतं वांगं कुठं ठेवते, का ठेवते, काडी संपली की आग कुठं सरकते, विचारत राहिला. मी म्हटलं, वाऱ्याला विचारा. त्यानं खिशातनं टेप काढला अन् आगीचा घेर मोजला. टेपचं टोक जळालं. तरी मोजला. दुसऱ्या रविवारी दुपारी तो माझ्या घरी आला, डोकं आपटलं, अन् म्हणाला, अक्का, मला एक आग समजणारं माणूस पाहिजे होतं.

कशाला, तर एका खेळाला. आता तो खेळ सांगते. भाऊ कधी मुंबईला ट्रेनिंगला गेला होता, तिथं फूटपाथवर रद्दीत त्याला एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, आत राक्षसांची चित्रं. परदेशात म्हणे माणसं टेबलाभोवती बसून हा खेळ खेळतात. एकानं सांगायचं, तुम्ही अशा-अशा गुहेत आहात, समोर हे उभं आहे. बाकीच्यांनी सांगायचं, आम्ही अमकं करतो. मग फासे टाकायचे अन् जमलं का फसलं ते ठरायचं. प्रत्येकाचा एक कागद असतो, त्या कागदावर तुमचा माणूस लिहिलेला असतो, त्याचं बळ, त्याचं हत्यार. भाऊनं डिक्शनरी घेऊन दोन वर्षं ते पुस्तक मराठीत उतरवलं, हपिसाच्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर. अन् मराठी ती कोणती, तर त्याच्या हपिसाची. गुहेत शिरलो की तो चष्मा सारखा करून वाचायचा, "गुहेची चतुःसीमा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस डोंगर, दक्षिणेस पायवाट, उत्तरेस राक्षसाचा कब्जा." मी म्हणायची, राक्षस दिसतो कसा ते सांगा. तो म्हणायचा, त्याची नोंद पुढच्या पानावर आहे.

बसायचो आम्ही माझ्या घरी, कारण त्याच्या खोलीत एकच माणूस पाय पसरू शकत होता. अख्खी गल्ली रविवारी कोपऱ्यावरच्या टीव्हीपुढे, अन् आम्ही चौघं बुद्धाच्या तसबिरीखाली सतरंजीवर. मी, गल्लीच्या तोंडाशी शिवणाचं मशीन लावून बसणारे शिंपी आबा, एसटीचा एक डायव्हर, अन् भाऊ. माझी मुलगी सुमी तेव्हा नर्सिंगला होती. ती चहा करायची अन् माझा कागद वाचायची, कारण मी दुसरीपर्यंतच शिकलेली, आकडे येतात, अक्षरं दमवतात. मध्ये गुहेचा नकाशा असायचा, चौकोनाच्या कागदावर शिसपेन्सिलीनं काढलेला, असा देखणा की वर चहाचा कप ठेवायची हिंमत व्हायची नाही. आम्ही चिंचोके, राक्षस मक्याचे दाणे.

डायव्हरच्या माणसाचं नाव ढाण्या, तलवारवाला. आबांच्या माणसाचं नाव वारा. आबा पारोळ्याकडचे, त्यांची बोली अहिराणी. लहानपणी तापात त्यांचा डावा पाय गेला. मशीनही एका पायानं चालवायचे. भाऊनं पहिल्या दिवशी विचारलं, तुमच्या माणसाला काय यावं असं वाटतं? तलवार, मंत्र, कुलपं उघडणं? आबांनी विचारही केला नाही. म्हणाले, पयनं. पळणं. भाऊनं पुस्तकातला पळायचा सगळ्यात मोठा आकडा त्यांच्या कागदावर लिहिला. तेव्हापासून आबा दर रविवारी दुपारी मशीनवर कापड टाकून कुबडी घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. एकदा मी म्हटलं, आबा, एवढं ऊन आहे, राहू द्यायचं होतं आज. तर म्हणाले, "मी आठे पयस, अक्का." मी इथं पळतो.

अन् मला मिळाला आगीचा मंत्र. माझी जादूगारीण, तिला नावही मी दिलं नाही, अक्काच. मंत्र एका रविवारी एकदाच टाकायचा. मंत्र टाकला की आगीचा गोळा जातो अन् जिथं सांगू तिथं फुटतो. फुटला की घेरात जे असेल ते जळतं. कितपत जळतं ते सहा फाशांनी ठरायचं. एका लुडोत फासा एकच, म्हणून भाऊनं सहा लुडो आणले. बाकीच्या सोंगट्या अन् पट गल्लीतल्या पोरांना वाटून टाकले, पण पोरांना फासे दिले नाहीत, ती वर्षभर चिठ्ठ्या टाकून लुडो खेळत होती.

पहिल्याच रविवारी आमचं वाजलं. मी विचारलं, गुहेत वारा कोणीकडून वाहतोय? भाऊ म्हणाला, पुस्तकात वारा नाही. मी म्हटलं, वारा नाही अन् आग आहे? जी आग वाऱ्याला विचारत नाही ती आग कसली, ते चित्र झालं. तो म्हणाला, नोंद नाही. या दोन शब्दांवर तो माणूस जगत होता. काहीही विचारा, गुहेत चिखल आहे का, राक्षसाला पोरंबाळं आहेत का, नोंद नाही. वर मला सांगायचा, अक्का, मंत्र हिशेबानं वापरा, घेरात जास्तीत जास्त दाणे आले पाहिजेत. जन्मभर आगीपुढं बसलेल्या बाईला हा सायकलवरचा माणूस आग शिकवत होता.

पण ढाण्याचं जे केलं ते मी विसरले नाही. दुसरं वर्ष होतं. एका तळघरात सात राक्षसांनी डायव्हरला गाठलं होतं. मी मंत्र टाकला, नीट बघून, ढाण्याला बाहेर ठेवून. भाऊनं दोन पायांचा कंपास घेतला, सुई रोवली, घेर काढला. पेन्सिलीची रेघ ढाण्याच्या चिंचोक्याला चाटून गेली. नुसती चाटून. डायव्हर म्हणाला, मी रांजणामागं वाकलेलो आहे, मला लागत नाही. भाऊ म्हणाला, कागदावर वाकता येत नाही. मी म्हटलं, अहो, बांधावरचा दगड दोघांचा असतो, तुम्हीच सांगता ना? मग रेषेवरचा माणूस अर्धाच भाजला पाहिजे. त्यानं मान हलवली.

"रेषेवरचं ते आतलं, अक्का. नियम एकच असतो."

अन् फासे टाकून त्यानं ढाण्याचा कागद उभा फाडला. हा त्याचा दुसरा नियम. मेला की कागद फाटणार, अन् फाटला की दुसरा कागद नाही. पुस्तकात नवा माणूस करता येतो असं सुमीनं एकदा वाचून दाखवलं होतं, पण भाऊ म्हणाला, एका जमिनीचे दोन उतारे निघत नाहीत. डायव्हर उठला, चहा तसाच ठेवला, अन् परत आला नाही. गाडी घेऊन गल्लीवरून जाताना हॉर्नसुद्धा द्यायचा बंद झाला. अन् जळाला कोणाच्या हातून? माझ्या. माझ्या हातानं माझंच माणूस जाळायला लावलं या माणसानं, तेही एका पेन्सिलीच्या रेघेसाठी. पुढचे चार रविवार मी दार लावून घेतलं. पाचव्या रविवारी कुबडीचा आवाज आला, मग खाडकन चौकटीला डोकं आपटल्याचा, अन् मी दार उघडलं. आबांसाठी उघडलं. भाऊला तसं सांगितलंही.

त्यानंतर मात्र मी त्या मंत्राला हात लावताना भरताच्या आगीसारखा लावला. काड्या पेटल्या पेटल्या वांगं टाकणारी बाई नवशिकी. आधी वाट बघायची. राक्षस एक-एक येतात तोवर मंत्र पदरात बांधून ठेवायचा. आबांना पुढं पळवायचं, सगळे दाणे त्यांच्या मागं लागून एका जागी गोळा होतात, आबा निसटून माझ्या मागं येतात, अन् मग टाकायचा. आपलं माणूस आधी मागं, मग आग पुढं. एका दाण्यासाठी कधी टाकायचा नाही, त्याला काठी पुरते. असं मी तीन वर्षं आबांना जपलं. भाऊ खूश. म्हणायचा, अक्का, पुस्तक लिहिणाऱ्याला कळलं नाही एवढं तुम्हाला कळतं. मी म्हणायची, मग त्याला वारा घालायला सांगा.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात भाऊची बदली आली, कोकणात कुठंतरी. एकच रविवार उरला अन् गुहा शेवटची. दोन तास खेळलो अन् आबा सापडले. अकरा राक्षस, दोन-दोन पुरुष उंचीचे, त्यांची उंची पुस्तकात होती. त्यांनी आबांच्या वाऱ्याला जमिनीवर आडवा पाडला, हात भिंतीतल्या उंच लोखंडी कड्याला लांब दोरीनं बांधले अन् गोल करून उभे राहिले. भाऊनं वाचलं, पुढच्या खेपेला मान कापणार. मी गुहेच्या तोंडाशी, हातात एक मंत्र. मी कंपास घेतला. तोवर मला येत होता. इकडून लावला, तिकडून लावला, एकदा पार ओढ्यात सुई रोवून पाहिली. आबांना सोडून घेर काढला की पाच-सहा दाणे बाहेर राहत, अन् ते आबांची मान कापायला पुरे होते. अकराही दाणे घेतले की मधला चिंचोका आत.

भाऊ म्हणाला, "हिशेबानं टाकावा लागेल अक्का. अकरा जातात, एक जातो."

एक जातो. आबा तिथं समोर बसलेले. कुबडी आडवी मांडीवर. त्यांचा कागद त्यांच्यापुढं, पाच वर्षांत घडीवर झिजून मागून सुताची पट्टी शिवलेला. शिंपीच तो. ते माझ्याकडं बघेनात, दोन्ही हात कागदावर ठेवून म्हणाले, "टाक अक्का. मनं काय, पाच वरीस पयनू." माझं काय, पाच वर्षं पळालो. भाऊनंही चष्मा काढून पुसायला घेतला. पण म्हणून कागद फाडणार नव्हता असं नाही. फाडलाच असता. मला त्या दोघांचाही इतका राग आला की मी कंपास सतरंजीवर टाकला.

"वर टाकते," मी म्हटलं.

"वर म्हणजे उत्तरेला?" भाऊ नकाशावर वाकला. "उत्तरेला भिंत आहे."

"वर म्हणजे वर. छताकडं."

त्याला कळेना. मी आत गेले, परातीतला मळलेल्या कणकेचा एक उंडा आणला अन् नकाशावर ठेवला, त्याच्या देखण्या नकाशावर, मुद्दाम. म्हटलं, तुमच्या वहीत काय लिहिलंय? आगीचा गोळा. तुम्हीच लिहिलंय. अन् पाच वर्षं मला टाकायला लावताय पोळी. गोळ्याला वर-खाली असतं की नाही? हा वर धरला तर राक्षसांचं डोकं-छाती आत येतं, अन् खाली जो लेटलाय त्याच्यावर येतो का?

भाऊ कणकेकडं बघत बसला. मग पेटी उघडून ते इंग्रजी पुस्तक काढलं, डिक्शनरी काढली. बराच वेळ पानं उलटली. चहा झाला. "गोळाच आहे," तो म्हणाला, कोणी मेल्यावर सांगावं तसा. मग म्हणाला, पण छताची उंची किती? आग खाली कुठवर येते? मी गुहेची उंची घेतलेलीच नाही. नोंद नाही.

आबा म्हणाले, लिही टाका काहीबी. भाऊनं मान हलवली. काहीबी लिहिलं असतं तर आजवर निम्मी शेतं भलत्याच्या नावावर गेली असती म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, नोंद नसली, बांधाचा दगड हरवला, तर तुमच्या हपिसात काय करता?

"जुन्या माणसाचा जबाब घेतो. ज्यानं जागा डोळ्यानं पाहिली त्याचा."

"मग घ्या माझा. मी आगीखाली लेटलेली आहे."

सुमी चहाचे कप उचलत होती, ती तशीच खाली बसली. घर जळालं होतं एवढं तिला माहीत होतं. बाकी मी कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. भाऊनं रजिस्टरचं कोरं पान काढलं, वर जबाब असं लिहिलं. मी सांगितलं. आमच्या गावात घराच्या वाड्याला लागून पऱ्हाटीची, कपाशीच्या काड्यांची, मोठी गंजी होती. शिमग्याच्या आधी ती पेटली. वारा आमच्याकडं होता. नवरा रावेरला. घरात मी, सासू अन् आठ महिन्यांची सुमी. दार आधी पेटलं. सासू म्हणाली, लेट, नाक जमिनीला लाव. मी सुमीला पोटाखाली घेऊन लेटले. मागच्या कुडाला भोक पाडायला कोणीतरी उभं राहायला पाहिजे होतं. ती उभी राहिली. कूड तिनं मोडला. मी सरपटत बाहेर आले. ती उभी होती.

आबांनी तोंड फिरवलं. भाऊ लिहीत होता. लिहिता लिहिता थांबून म्हणाला, "हवा किती उंचीपर्यंत होती?"

"दीड हात. त्याच्या वर आग."

"हात तुमचा की सासूबाईंचा?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी उलथनं फेकून मारलं असतं. पण त्यानं विचारलं ते मस्करीत नाही. त्याला खरंच पाहिजे होतं. इतक्या वर्षांत त्या आगीबद्दल कोणीतरी मला नीट प्रश्न विचारला होता. मी हात पुढं केला. त्यानं टेप काढला, तोच, टोक जळालेला, अन् माझं कोपर ते मधलं बोट मोजलं. मग त्याची दीडपट लिहिली. खाली माझी सही घेतली. मला माझं नाव लिहायला वेळ लागतो, तो थांबला.

मग त्यानं नवा चौकोनी कागद घेतला अन् जन्मात पहिल्यांदा गुहा बाजूनं काढली. खाली जमीन, वर छत, अकरा राक्षस उभ्या रेघा, अन् तळाला वारा, आडवी रेघ. त्याचे हात वरच्या कड्याला बांधलेले, तर दोरीही काढली, तिरकी. सोडता आली असती, कोणी विचारलं नसतं. पण काढली. जबाबाप्रमाणे दीड हातावर खूण केली, कंपासची सुई वर रोवली अन् घेर ओढला. राक्षस बठ्ठे आत. आडवी रेघ बाहेर, मोकळी. मी सहा फासे टाकले, सुमीनं बेरीज केली, राक्षसांना पुरली. अकरा दाणे मी स्वतः उचलून डब्यात टाकले.

भाऊ अजून कागदावर वाकलेला. त्याची पेन्सिल दोरीवर होती.

"अक्का, घेर दोरीवरून गेलाय."

"मग?"

"रेषेवरचं ते आतलं," तो म्हणाला. "दोरी जळाली. आबा सुटले."

आबांनी कुबडी मांडीवरून खाली ठेवली. "मंग मी पयस," म्हणाले. अन् पळाले. गुहेतून निघाले, ओढा ओलांडला, पायवाट संपली तरी थांबेनात, नकाशाच्या बाहेर गेले, पारोळ्याच्या किल्ल्याला वळसा घातला, चाळीसगावला आगगाडीच्या पुढं निघाले, तापीवर आले तर पुलावरूनही नाही, पाण्यावरून. पाव तास एकटे बोलत होते. पुस्तकात पळायला मर्यादा आहे, एका खेपेला अमुक पावलं. भाऊला ती तोंडपाठ होती. त्या दिवशी त्यानं ती काढली नाही. माझ्याकडं बघेना, गुपचूप पेन्सिलीला टोक करत बसला.

तरी मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, म्हणजे डायव्हर रांजणामागं वाकला होता तो खराच वाकला होता. त्यानं रजिस्टर उलटं धरलं, तर मागच्या पुठ्ठ्यातनं ढाण्याच्या कागदाचे दोन तुकडे निघाले. तीन वर्षं जपून ठेवले होते या माणसानं. खळ लावून चिकटवले, खाली लिहिलं, उंचीची नोंद राहून गेल्याने चूक दुरुस्त केली, अन् मला म्हणाला, डेपोत नेऊन द्याल का? मी नेऊन दिला. डायव्हरनं वाचला, खाकी खिशात ठेवला अन् म्हणाला, मी तव्हाच सांगत होतो. दुसऱ्या दिवशी गल्लीवरून जाताना हॉर्न दिला. पण तोवर भाऊची पेटी एसटीच्या टपावर चढली होती.

जायच्या सकाळी तो निरोप घ्यायला आला. मी चुलीपाशी होते, सवयीनं ओरडले, भाऊ, वाका. आवाज आला नाही. बघते तर तो दारात उभा, टेप वर धरून चौकट मोजत होता. मग वाकला अन् नीट आत आला. चहा घेतला, आबांचा कागद आबांकडेच राहू द्या म्हणाला, अन् जातानाही वाकून गेला. मला काही ते बरं वाटलं नाही.

आता सुमीचा नवरा म्हणतो, आई, दार उंच करून घेऊ, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागतं. मी करू देत नाही. आबा आहेत अजून, मशीन मुलानं घेतलंय, पण रविवारी दुपारी कुबडी टेकत येतात, चहा घेतात. आम्ही दोघं फारसं बोलत नाही. मधूनच ते दाराकडं बघतात, मीही बघते.